बदलत्या आयपी पत्त्यावरचा घरचा सर्व्हर: एका डोमेन नावाचे प्रकरण

हे प्रकरण घरून काम करणाऱ्या एका भाषांतरकार बाईंच्या सर्व्हरचे आहे. मूळ दस्तऐवज, भाषांतरांचे मसुदे आणि अनेक वर्षांत जमलेला पारिभाषिक संज्ञांचा संग्रह असा त्यांचा सगळा साठा घरातल्या एका छोट्या संगणकावर आहे आणि परगावी राहणाऱ्या त्यांच्या सहकारी रोज त्याच साठ्यावर काम करतात. ग्राहकांशी केलेल्या गोपनीयतेच्या करारांमुळे हा मजकूर दुसऱ्याच्या क्लाउडवर ठेवणे शक्य नव्हते, म्हणून सर्व्हर घरी ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता आणि माझ्या मते तो योग्यच होता. बाईंच्या मालकीचे एक डोमेन नाव आधीपासून होते. त्याच्या मुख्य नावावर त्यांचे संकेतस्थळ आणि ईमेल चालत असे आणि ती दोन्ही कामे बाहेरच्या होस्टिंग सेवेकडे होती. त्याच डोमेनखाली ‘दप्तर’ हे उपनाव काढून ते घरच्या जोडणीकडे वळवलेले होते. सर्व्हरवर दोन सेवा चालत. पहिली होती एचटीटीपीएसवरून फाइल सिंक करण्याची आणि दुसरी वायरगार्ड या व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी, कूटबद्ध जोडणीची.

तक्रार अशी होती की, रात्री केव्हातरी वीज जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांचे व्हीपीएन लागत नाही. कधी ते तासाभराने आपोआप लागते, कधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत लागतच नाही. फाइल सिंक चालते, पण प्रत्येक वेळी सुरुवातीला दोन-दोन मिनिटे अडते. ब्राउझरमध्ये मात्र तेच नाव टाकले की पान लगेच उघडते. बाईंनी स्वतः डोमेनच्या नियंत्रण पानावर जाऊन पाहिले, तर नोंदीत नवा आयपी पत्ता बरोबर आलेला दिसे. नोंद बरोबर असताना जोडणी का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

घरगुती जोडणीचा पत्ता का बदलतो, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, पत्ता देणाऱ्या जोडणीत तो ठरावीक मुदतीच्या करारावर मिळतो आणि निम्मी मुदत उलटल्यावर राउटर तोच करार वाढवून मागतो, त्यामुळे राउटर सुरू असेपर्यंत तो पत्ता बहुधा महिनोन्महिने टिकतो. या घराची जोडणी पीपीपीओई प्रकारची होती. त्या प्रकारात राउटर जितक्या वेळा नव्याने लॉगिन करेल तितक्या वेळा पुरवठादार कंपनी आपल्या साठ्यातला मोकळा पत्ता देते आणि तो आधीचाच असण्याची शाश्वती नसते. म्हणजे वीज गेली की पत्ता बदलला, असेच इथले समीकरण होते. यापुढे उदाहरणादाखल जुना पत्ता २०३.०.११३.४५ आणि नवा १९८.५१.१००.७ असे धरले आहे. हे दोन्ही पत्ते दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या मालिकांतले आहेत.

पत्ता बदलल्यावर नोंद बदलण्याचे काम सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट करत असे. दर पाच मिनिटांनी ती बाहेरच्या एका सेवेला ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो’ असे विचारी, उत्तर मागच्या वेळच्या उत्तराशी ताडून पाही आणि फरक आढळला तर डीएनएस सेवेच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमनी विनंत्या पाठवायच्या दाराला, सांगून ‘दप्तर’ची ए नोंद, म्हणजे नावाचा चार आकड्यांचा आयपीव्ही४ पत्ता सांगणारी नोंद, बदली. ही मांडणी सर्वत्र वापरली जाणारी आहे आणि मुळात तिच्यात चूक नाही. तिचे काम मात्र नोंद बदलली की संपते, आणि सहकाऱ्यांचा संगणक ती नोंद थेट वाचत नाही. जुने उत्तर धरून ठेवणाऱ्या अनेक जागा मधल्या वाटेवर असतात आणि प्रत्येक जागेची ते सोडून देण्याची वेळ आणि रीत वेगळी असते. या प्रकरणात अशा चार जागा सापडल्या. त्या चारही एकाच रात्रीच्या घटनेत एकमेकींवर चढत असल्यामुळे बाहेरून सगळा प्रकार अनियमित वाटत होता.

पहिली जागा सर्वांच्या परिचयाची, म्हणजे रिझॉल्व्हरची (संगणकाच्या वतीने नावाचा पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरची) कॅश, मिळालेली उत्तरे काही वेळ साठवण्याची जागा. डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि १९८७ मध्ये आरएफसी १०३४ व १०३५ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजांनी ती आजच्या रूपात स्थिर झाली. प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा देण्याची सोय तेव्हापासूनच आहे. हे उत्तर इतके सेकंद जवळ ठेवून वापरायला हरकत नाही, अशी ती नोंदीच्या मालकाने दिलेली मुभा असते. ‘दप्तर’च्या नोंदीचा टीटीएल डीएनएस सेवेने आपणहून भरलेला, ३६०० सेकंदांचा होता. संकेतस्थळासाठी तो अगदी योग्य आहे. वीज गेल्यावर बदलणाऱ्या पत्त्यासाठी तो फार मोठा आहे.

हे डोळ्यांनी पाहता येते आणि असा प्रश्न पडलेल्या प्रत्येकाने ते एकदा पाहावे असे मला वाटते. डिग या आज्ञेने आम्ही तोच प्रश्न दोन ठिकाणी विचारला. डोमेनच्या मूळ नोंदी जिथे असतात त्या अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारल्यावर उत्तर आले १९८.५१.१००.७ आणि टीटीएल ३६००; कितीही वेळा विचारले तरी आकडा ३६०० च. सहकाऱ्यांच्या जोडणीवरच्या रिझॉल्व्हरला विचारल्यावर उत्तर आले २०३.०.११३.४५ आणि टीटीएल २१४०. अर्ध्या मिनिटाने पुन्हा विचारले, तेव्हा २११०. घटत जाणारा आकडा म्हणजे उत्तर कॅशमधून येत आहे आणि तेवढे सेकंद ते तसेच येत राहणार आहे. बाईंच्या नियंत्रण पानावर दिसणारी बरोबर नोंद आणि सहकाऱ्यांना मिळणारा चुकीचा पत्ता या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी खऱ्या होत्या. स्क्रिप्टची पाच मिनिटे आणि टीटीएलचा एक तास मिळून जास्तीत जास्त पासष्ट मिनिटांचा खंड पडू शकत होता आणि ‘तासाभराने आपोआप लागते’ या निरीक्षणाचा उलगडा त्यातून झाला.

टीटीएल ६० सेकंदांवर आणला आणि स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवायला सुरुवात केली. इतका लहान टीटीएल ठेवल्याने नेमसर्व्हरवर भार पडतो ही भीती मोठ्या संकेतस्थळांच्या बाबतीत विचारात घेण्याजोगी असली, तरी दोन माणसांनी वापरायच्या नावाच्या बाबतीत तिला काही अर्थ नाही. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. टीटीएल कमी करण्याचा परिणाम पुढच्या बदलाला दिसतो. ज्या रिझॉल्व्हरने ३६०० चे उत्तर आधीच घेतले आहे, त्याला आपण आकडा घटवल्याचे कळण्याचा मार्ग नाही. शिवाय काही रिझॉल्व्हर फार लहान टीटीएल मानत नाहीत आणि स्वतःची किमान मुदत लावतात, त्यामुळे ६० हा आकडा सर्वत्र तंतोतंत पाळला जाईल असे गृहीत धरू नये.

दुसरी जागा शोधायला वेळ लागला. कधीकधी रिझॉल्व्हर जुना पत्ताही देत नसे आणि नवाही देत नसे. या नावाची ए नोंदच नाही असे त्याचे उत्तर येई आणि तेही बराच वेळ टिके. स्क्रिप्ट वाचल्यावर कारण समजले. नोंद बदलण्यासाठी ती दोन स्वतंत्र विनंत्या पाठवत होती: आधी जुनी नोंद पुसण्याची, मग नवी लिहिण्याची. दोहोंमधले अंतर एक-दोन सेकंदांचे असेल. पण जोडणी तुटल्यामुळे सहकाऱ्यांचा संगणक सतत ‘दप्तर’चा पत्ता विचारत असे, आणि त्यातला एखादा प्रश्न नेमका त्या फटीत पडत असे. ‘नोंद नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये ठेवले जाते, हे अनेकांना माहीत नसते. आरएफसी २३०८ ने १९९८ मध्ये त्याचे नियम घालून दिले आणि त्यानुसार अशा नकारात्मक उत्तराची मुदत डोमेनच्या एसओए, म्हणजे संपूर्ण डोमेनचे मूलभूत तपशील असलेल्या, नोंदीवरून ठरते. आपल्या ए नोंदीचा टीटीएल तिथे उपयोगी पडत नाही, कारण ज्या नोंदीचा टीटीएल पाहायचा तीच त्या क्षणी नसते. या डोमेनच्या एसओएतली ती मुदत एक तासाची होती. म्हणजे ए नोंदीचा टीटीएल ६० केल्यानंतरही दुर्दैवाने फटीत सापडलेला रिझॉल्व्हर तासभर ‘नोंद नाही’ असेच सांगत राहिला असता. एपीआयमध्ये असलेली नोंद जागच्या जागी बदलण्याची विनंती उपलब्ध होती. स्क्रिप्टमध्ये तीच वापरली आणि फट बंद झाली. ज्यांचा नेमसर्व्हर स्वतःचा आहे आणि जे आरएफसी २१३६ मधली अद्ययावत करण्याची पद्धत वापरतात, त्यांना पुसणे आणि लिहिणे एकाच संदेशात पाठवता येते आणि सर्व्हर ते दोन्ही एकत्रच अमलात आणतो.

एवढे झाल्यावर नाव दोन मिनिटांच्या आत सगळीकडे बरोबर दिसू लागले, तरी व्हीपीएन लागेना. तिसरी जागा इथे होती. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे, कारण इथे डीएनएसचा संबंध संपतो आणि तरीही दोष डीएनएसलाच दिला जातो.

वायरगार्डच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये समोरच्या यंत्राचा पत्ता म्हणून आपण नाव लिहितो आणि त्यापुढे पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या त्या सेवेचा क्रमांक, इथे ५१८२०. त्यामुळे हा प्रोग्रॅम ते नाव लक्षात ठेवत असेल आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा विचारत असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नावाचा पत्ता कॉन्फिगरेशन लावतानाच एकदा शोधला जातो आणि कर्नलमधल्या (संगणक प्रणालीच्या गाभ्यातल्या) वायरगार्डला फक्त मिळालेला पत्ता दिला जातो. नाव तिथपर्यंत पोहोचतच नाही. सहकाऱ्यांच्या लिनक्स संगणकावर स्थिती दाखवणारी आज्ञा दिल्यावर एंडपॉइंटच्या, म्हणजे समोरच्या यंत्राच्या पत्त्याच्या, ओळीत २०३.०.११३.४५ हा जुनाच पत्ता होता आणि शेवटचा हँडशेक (दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवून किल्ल्या ठरवणे) झाल्याला कित्येक तास उलटलेले होते. चालू जोडणीत हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतो, म्हणून ही ओळ पाहिली की जोडणी जिवंत आहे की नाही ते लगेच कळते. टीटीएल शून्य केला असता तरी या यंत्राने पुन्हा विचारलेच नसते. संगणक बंद करून सुरू केल्यावर व्हीपीएन लागे, त्याचे कारण तेव्हा कॉन्फिगरेशन नव्याने लावले जाई आणि नाव पुन्हा विचारले जाई, एवढेच होते.

मग कधीकधी व्हीपीएन आपोआप कसे सावरत होते, हा प्रश्न उरतो आणि तो सोडून देण्याजोगा नाही, कारण अधूनमधून बरा होणारा बिघाड शोधणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावतो. वायरगार्डमध्ये दोन्ही बाजू समोरच्याचा पत्ता शिकत असतात: ओळख पटलेले पॅकेट ज्या पत्त्यावरून आले, तोच समोरच्याचा नवा पत्ता असे धरले जाते. घरच्या सर्व्हरवर दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवण्याची सोय चालू होती, त्यामुळे घराचा पत्ता बदलल्यावर सर्व्हर नव्या पत्त्यावरून सहकाऱ्यांकडे पॅकेट पाठवतच राही. ते पॅकेट त्यांच्या संगणकापर्यंत पोहोचले, तर तो नवा पत्ता शिकून घेई आणि कोणीही हात न लावता जोडणी सावरे. पण ते पोहोचणे त्यांच्या बाजूच्या राउटरवर अवलंबून होते. काही राउटर आतून ज्या पत्त्याशी संवाद सुरू झाला त्याच पत्त्याकडून आलेली पॅकेट आत घेतात, काही त्याबाबत उदार असतात. सहकारी कधी घरून, कधी दुसऱ्या जागेवरून काम करत आणि दोन्हीकडचे राउटर वेगळे होते. त्यातही वीज जाऊन राउटरबरोबर सर्व्हरसुद्धा बंद पडला असेल, तर त्याने शिकलेला पत्ता पुसला जाई, आणि सहकाऱ्यांचा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेला नसल्याने सुरू झाल्यावर त्याला कोणाकडे पॅकेट पाठवायचे हेच ठाऊक नसे. कोणत्या दिवशी काय होईल हे या दोन गोष्टी मिळून ठरत होते. घटनांच्या नोंदी या कसोटीवर तपासल्या, तेव्हा अनियमित वाटणारे सगळे प्रसंग नियमात बसले.

उपाय साधा आहे. वायरगार्डच्या साधनांबरोबरच एक छोटी स्क्रिप्ट दिलेली असते. शेवटच्या हँडशेकला १३५ सेकंदांहून अधिक वेळ झाला असेल, तर ती कॉन्फिगरेशनमधले नाव पुन्हा विचारून आलेला पत्ता लावते. सहकाऱ्यांच्या संगणकावर ती दर अर्ध्या मिनिटाने चालेल अशी व्यवस्था केली. ती नाव विचारणार, म्हणजे टीटीएल लहान असण्याचा उपयोग आता खऱ्या अर्थाने होणार. दोन्ही दुरुस्त्या एकमेकींवाचून अपुऱ्या होत्या.

चौथी जागा होती एएएए नोंद, म्हणजे नावाचा आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता सांगणारी नोंद. सर्व्हर बसवताना कोणीतरी त्याचा आयपीव्ही६ पत्ता हाताने नोंदवला होता. पुढे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने फक्त ए नोंदीचा विचार केला. नव्याने लॉगिन झाल्यावर पुरवठादाराकडून आयपीव्ही६ चा उपसर्ग, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भागही नवा मिळत असल्यामुळे ती हाती भरलेली नोंद पहिल्याच खंडानंतर चुकीची झाली होती आणि तशीच राहिली होती. ब्राउझरमध्ये हे कधीच जाणवले नाही, कारण आजचे ब्राउझर आयपीव्ही६ चा प्रयत्न सुरू करून सुमारे पाव सेकंदात दाद न मिळाल्यास आयपीव्ही४ चाही प्रयत्न सोबतच सुरू करतात. सिंकचा प्रोग्रॅम मात्र एक प्रयत्न पूर्ण फसल्याशिवाय दुसऱ्याकडे वळत नव्हता आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत उत्तर न देणाऱ्या पत्त्याची टीसीपी जोडणी सोडून द्यायला सुमारे १२७ सेकंद लागतात. तक्रारीतली ‘दोन-दोन मिनिटे’ ती हीच. स्क्रिप्टला एएएए नोंदही सांभाळायला शिकवले. इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. ए नोंदीत राउटरचा बाहेरचा पत्ता असतो आणि आलेले पॅकेट सर्व्हरकडे वळवण्याचे पुढचे काम राउटरचे पोर्ट फॉरवर्डिंग करते. एएएए नोंदीत मात्र सर्व्हरचा स्वतःचा पत्ता असावा लागतो, आणि तोही त्याचा स्थिर पत्ता, गोपनीयतेसाठी ठरावीक काळाने बदलणारा तात्पुरता पत्ता नव्हे. त्यामुळे राउटरमध्ये तयार मिळणारी, बदललेला पत्ता आपोआप नोंदवणारी डायनॅमिक डीएनएसची सोय या कामाला अनेकदा पुरत नाही आणि स्क्रिप्ट सर्व्हरवरच चालवणे श्रेयस्कर ठरते.

जोडणीचे प्रश्न सुटल्यावर सुरक्षिततेचे दोन मुद्दे मी आवर्जून मांडले. तक्रारीत ते नव्हते, तरी गोपनीय दस्तऐवज सांभाळणाऱ्या घराला ते टाळता येणार नाहीत. पहिला मुद्दा असा की, सोडून दिलेला पत्ता रिकामा पडून राहत नाही. पुरवठादार तो दुसऱ्या ग्राहकाला देतो आणि नोंद जुनी असेपर्यंत ‘दप्तर’ हे नाव एका अनोळखी घराकडे बोट दाखवत असते. एचटीटीपीएसमध्ये प्रमाणपत्राची पडताळणी आणि वायरगार्डमध्ये किल्ल्यांची पडताळणी असल्यामुळे सहकाऱ्यांचा संगणक तिथे पासवर्ड किंवा मजकूर देत नाही. पण जुना स्कॅनर चालावा म्हणून सर्व्हरवर एफटीपी ही फाइल पाठवण्याची साधी सेवाही चालू होती आणि बाहेरून त्याचे पोर्ट उघडे होते. एफटीपीमध्ये पासवर्ड उघडा जातो आणि समोरचा खरा कोण हे तपासलेच जात नाही. ते पोर्ट त्याच दिवशी बाहेरून बंद केले.

दुसरा मुद्दा स्क्रिप्टच्या टोकनचा, म्हणजे नोंदी बदलण्याची परवानगी देणाऱ्या गुप्त किल्लीचा. त्या टोकनला संपूर्ण डोमेनच्या सर्व नोंदी बदलण्याचा अधिकार होता. घरच्या सर्व्हरमध्ये कोणी शिरला असता, तर त्याला ईमेल कुठे पोहोचवायची ते सांगणारी एमएक्स नोंद बदलून बाईंची ईमेल स्वतःकडे वळवता आली असती, आणि ज्यांची ईमेल ताब्यात, त्यांच्या इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलणे अवघड राहत नाही. डीएनएस सेवेत एका नोंदीपुरते टोकन काढण्याची सोय नव्हती, म्हणून ‘दप्तर’ हा भाग स्वतंत्र झोन (नोंदींचा वेगळा विभाग) करून, त्याचा नेमसर्व्हर कोणता ते सांगणाऱ्या एनएस नोंदींद्वारे वेगळ्या खात्याकडे सोपवला आणि स्क्रिप्टला त्या खात्याचेच टोकन दिले. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे प्रमाणपत्र घेताना नाव आपलेच असल्याचे दाखवणारी टीएक्सटी नोंदही याच झोनमध्ये लिहिली जाते, त्यामुळे नूतनीकरण घराच्या त्या वेळच्या पत्त्यावर किंवा उघड्या पोर्टवर अवलंबून राहत नाही. ‘दप्तर’ला सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाचे टोपणनाव, करून बाहेरच्या डायनॅमिक डीएनएस सेवेतल्या नावाकडे वळवणे हा सोपा पर्याय होता आणि पुष्कळांसाठी तो पुरेसाही आहे; मात्र तो उपनावालाच लागू होतो, कारण डोमेनच्या मुख्य नावावर एसओए आणि एनएस नोंदी असाव्याच लागतात आणि त्यांच्या जोडीला सीनेम ठेवता येत नाही.

ही व्यवस्था काही महिने सुरळीत चालली आणि मग एके दिवशी बाहेरून आयपीव्ही४ ने काहीच लागेना. नोंद बरोबर, टीटीएल बरोबर, स्क्रिप्टच्या लॉगमध्ये एकही त्रुटी नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसत होता, तर बाहेरची सेवा वेगळाच पत्ता सांगत होती. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते आरएफसी ६५९८ ने २०१२ मध्ये पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले आहेत. ते राउटरवर दिसू लागले, याचा अर्थ पुरवठादाराने या जोडणीला कॅरियर ग्रेड नॅटच्या मागे नेले होते आणि बाहेरचा एक पत्ता आता अनेक ग्राहकांत वाटलेला होता. स्क्रिप्ट तो सामाईक पत्ता इमाने नोंदवत होती. पण त्यावर आलेले पॅकेट या घराकडे वळवणारा नियम पुरवठादाराच्या यंत्रात असतो आणि ग्राहकाला तो लिहिता येत नाही. नाव कितीही तत्परतेने अद्ययावत केले तरी हा प्रश्न सुटत नाही.

स्वतंत्र सार्वजनिक पत्ता त्या योजनेत मिळत नाही असे पुरवठादाराने कळवले. आयपीव्ही६ चा मार्ग पूर्ववत चालू होता, पण सहकारी काम करत त्या दोन जागांपैकी एका जागेच्या जोडणीवर आयपीव्ही६ नव्हते. म्हणून स्थिर पत्ता असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घेतला. घरचा सर्व्हर आता स्वतःहून त्याच्याशी वायरगार्डची जोडणी करतो आणि मधल्या नॅटमधली वाट मिटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी पॅकेट पाठवत राहतो. आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला कॅरियर ग्रेड नॅटची अडचण येत नाही. भाड्याचे यंत्र आलेली पॅकेट फक्त पुढे ढकलते; एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र, वायरगार्डच्या मूळ किल्ल्या आणि दस्तऐवज घरीच आहेत, त्यामुळे गोपनीयतेच्या करारांना बाधा येत नाही.

‘दप्तर’ची ए नोंद आता भाड्याच्या सर्व्हरच्या स्थिर पत्त्याकडे आहे, म्हणून तिचा टीटीएल पुन्हा ३६०० केला आणि स्क्रिप्टमधून ती काढून टाकली. एएएए नोंद ६० सेकंदांच्या टीटीएलसह स्क्रिप्टच सांभाळते. ज्यांच्या घरी अजून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता आहे, त्यांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये एक तपासणी घालावी असे मी सुचवेन: राउटरला मिळालेला पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता वेगळे आढळले, तर नोंद न बदलता मालकाला ईमेलने कळवावे.